साधा, शहाणा आणि सावर्ड्याचा तुकडा

आमच्या कंपनीत आम्ही दोघीच. कॉलेजात एका बाकावर बसलो, पुण्यात एकाच ऑफिसात नोकरी केली आणि एकाच उन्हाळ्यात दोघींनी ठरवलं की आता पुरे, घरी जाऊ. मी रत्नागिरीची, बंदराजवळची, वडील बोटीवर. ती चिपळूण तालुक्यातल्या आतल्या गावची, घरी भात आणि काजूची कलमं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका काजू कारखान्याच्या माडीवर आम्ही खोली घेतली. खाली दिवसभर बी वाफवायचे, बायका ती फोडायच्या, सोलायच्या आणि वर आम्ही काजू कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. किती बी आली, किती वाफवली, अख्खा गर किती निघाला आणि तुकडा किती पडला, एवढंच ते सांगायचं. पण झकास सांगायचं! पहिलं गिऱ्हाईक अर्थात खालचंच. मग हातखंब्याजवळचा एक कारखाना, मग सावर्ड्याचा, असे करत करत मूठभर झाले.

प्रत्येक कारखान्यात त्यांचा कॉम्प्युटर आणि त्यावर त्यांचा स्वतःचा डेटाबेस. त्यात कोणते तक्ते आहेत, तक्त्यात कोणते रकाने, कुठल्या रकान्यात आकडा आणि कुठल्यात अक्षरं, या सगळ्या मांडणीला स्कीमा म्हणतात. ही मांडणी सगळीकडे सारखी असली तर सॉफ्टवेअर सगळीकडे सारखं चालतं. आमची होती का सारखी? छे! कुणी म्हणालं, ‘आम्हाला करपलेली बी वेगळी दाखवायची आहे,’ की आमच्यातली एक जण स्कूटर काढायची, तिथं जाऊन हातानेच एक रकाना वाढवायची आणि चहा पिऊन परत यायची. दुसरीला सांगायचं राहून जायचं. दोघीही सारख्याच, त्यामुळे कुणी कुणाला बोलायची सोय नव्हती.

मार्चमध्ये, ऐन काजूच्या हंगामात आम्ही नवीन व्हर्जन पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावर्ड्याहून फोन आला. तिथल्या कारखान्याचा सगळा कॉम्प्युटर मालकांच्या सूनबाई सांभाळायच्या.

“ताई, तुमच्या नव्या व्हर्जनमध्ये आमचा तुकडा गायब झालाय.”

“गायब म्हणजे?”

“गायब म्हणजे नाहीच. अख्खा दिसतोय. तुकडा शून्य. सासरे खूश आहेत, म्हणतात यंदा बी चांगली लागली. पण मला गोण्या दिसतायत ना समोर!”

मी हसू दाबत फोन ठेवला आणि मैत्रिणीकडे पाहिलं. ती आधीच कपाळाला हात लावून बसली होती. सावर्ड्याला तो रकाना तिने वाढवला होता, बाकी सगळीकडे मी. तिने नाव दिलं होतं ‘तुकडा’, मी दिलं होतं ‘तुकडे’. नवीन सॉफ्टवेअर ‘तुकडे’ शोधत होतं, आणि ते सावर्ड्यात नव्हतेच.

“असं नाही चालायचं गो,” ती म्हणाली. “मायग्रेशन टूल आणायला हवं.”

“मी केव्हापासून सांगतेय!”

“तू नाही, मी सांगतेय!”

स्कीमात बदल करायचा तर तो हाताने न करता एका फायलीत लिहायचा. त्या फायली क्रमाने चालवायचं आणि कुठल्या कारखान्यात कुठवर चालल्या ते लक्षात ठेवायचं काम हे टूल करतं. म्हणजे सगळे कारखाने एकाच वाटेने पुढे जातात. अशी टूलं बरीच आहेत. आम्ही दोघींनी एकेक निवडलं आणि तिथून पुढचे दिवस खोलीत अक्षरशः उधाण होतं.

तिचं टूल अगदी साधं. डेटाबेसला कळते त्याच भाषेत फाईल लिहायची, तिला क्रमांक द्यायचा, संपलं. पण फुकटात मिळत होतं तेवढ्यात मागे फिरायची सोय नव्हती. माझं जरा ऐटबाज. बदल त्याच्या ठरावीक पद्धतीने वर्णन करून लिहायचा, मग तो कुठल्याही डेटाबेसला समजावून सांगायचं काम त्याचं. आणि आवडलं नाही तर केलेला बदल मागे घेता यायचा. मला ते मागे घेणं फारच आवडलं होतं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “तुझा तो शहाणा तुलाच लखलाभ.” मी म्हटलं, “तुझा साधा तरी काय मोठा दिवा लावणार आहे?” झालं, नावं पडली. साधा आणि शहाणा.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत काम कमी आणि खिदळणं जास्त होत होतं. जेवणाचा डबा उघडला की वाद, भांडी विसळताना वाद. पुण्याच्या ऑफिसात असले निर्णय वरून यायचे, आणि यायचे तेही ठरून, वाळून, इस्त्री होऊन. इथं सगळं आमच्या हातात होतं. त्या नुसत्या विचारानेच मला फुगडी घालावीशी वाटायची. घरी जेवताना मी आईला तासभर मायग्रेशन समजावलं. आई शांतपणे माशाचा काटा काढत म्हणाली, “मायग्रेशन म्हणजे ते पोरं मुंबईला जातात तेच ना? त्याला टूल कशाला हवं? गाड्या आहेत की.”

शेवटी ठरलं की बोलाचाली बंद. सावर्ड्याला जायचं, तिथल्या डेटाबेसच्या दोन प्रती काढायच्या, एकीवर साधा चालवायचा, एकीवर शहाणा. तिथल्याच कॉम्प्युटरवर, कारण खरी परीक्षा तिथंच. जो बरा निघेल तो घ्यायचा आणि हरेल तिने कुरकुर करायची नाही.

स्कूटरवर दोन लॅपटॉप आणि महामार्गाची धूळ नको म्हणून एसटीने निघालो. गाडी हातखंब्याला भरली. आम्हाला मागची बाकडी मिळाली, खिडक्या खडखडत होत्या, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. आणि मोठ्याने बोलायला आम्हाला निमित्तच हवं होतं.

“अगो, पण तो साधा आहे हीच तर त्याची गंमत!” ती ओरडली. “पोटात एक, ओठात एक असं नाही. समोर काय ते दिसतं.”

“दिसतं, पण एकदा पुढे गेलं की गेलं! मागे फिरायची सोय नाही. शहाण्याकडे ती सोय आहे. नाही जमलं तर जिथं होतो तिथं परत.”

“परत कुठे येतेस? मधल्या काळात जे व्हायचं ते होऊन जातं की! आणि त्या शहाण्याचे नखरे किती. प्रत्येक गोष्ट त्याच्याच पद्धतीने सांगायची.”

“पण तो कुणाशीही जमवून घेतो. तुझ्या साध्याला एकच भाषा येते.”

“आपल्याला एकच हवी आहे! दहा जणांशी जमवायचंय कशाला?”

समोरच्या बाकड्यावरच्या एक आजी केव्हाच्या मान वळवून ऐकत होत्या. मांडीवर फणसाची पिशवी. त्यांना राहवलं नाही.

“बाय, जरा बोलतंय हां, राग नको मानू,” त्या मला म्हणाल्या. “परत येन्याची सोय बगून कोन लगीन करतं काय?”

क्षणभर मला काही कळलंच नाही. मैत्रिणीला माझ्या आधी कळलं. तिने ओढणी तोंडात कोंबली.

“आजी, लग्न नाही हो—”

“तर मंग काय! माजं ऐक. साधा बरा. शहान्याच्या घरात बाय रोज परीक्षा देती.”

एवढ्यात पलीकडचे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन, पुढे झुकले. “तसं नाही मावशी. शिकलेली मुलगी आहे. शहाणा नवरा असेल तर मोठ्या शहरात राहील. साध्याचं काय, गावात बसून राहील.”

“बसू दे की! गावात काय वाघ हायत?”

“पण त्याला एकच भाषा येते म्हणतात ना त्या!”

“नवरा-बायकोला किती भासा लागतात वो?”

आता अर्धी गाडी वळली होती. कंडक्टर तिकिटांचं यंत्र बगलेत मारून मध्ये उभा राहिला आणि न्यायाधीशासारखा म्हणाला, “कामाला काय करतात दोघं?” मैत्रीण हुंदका दिल्यासारखी हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजींना वाटलं, ती रडतेय. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुजा साध्यावर जीव हाय ना, मंग घे त्यालाच. ही तुजी भैन कायबी सांगू दे.”

मला ते सगळं समजावून सांगायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा होता. मी सुरुवातही केली, “अहो, ते काजूच्या तुकड्यासाठी…” पण पुढे शब्दच फुटेना. पोट दुखायला लागलं. संगमेश्वर मागे पडलं तरी गाडीत साधा आणि शहाणा चालूच होते. उतरताना कोण म्हणालं ‘शहाणा घ्या’, कोण म्हणालं ‘आईबापांना विचारा’. आजींनी दोघींच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सावर्ड्याच्या स्टँडवर आम्ही एका खांबाला धरून श्वास घेत उभ्या राहिलो, तेव्हा लॅपटॉपच्या पिशव्या खांद्यावरून घसरून कोपरात लटकत होत्या.

कारखान्यात सूनबाई वाटच बघत होत्या. आमच्याच वयाच्या, पदर खोचलेला, डोळे चमकदार. त्यांनी आधी आम्हाला तुकड्याच्या गोण्या दाखवल्या, जणू पुरावा. मग काचेच्या केबिनमध्ये नेलं. मी त्यांना सांगितलं की आज दोन टूलांची स्पर्धा आहे. खुर्ची ओढून त्या मध्येच बसल्या. “मग मी बघणार.”

डेटाबेसच्या दोन प्रती काढल्या, दोन्ही टूलांच्या फायली लॅपटॉपवरून तिथल्या कॉम्प्युटरवर घेतल्या. पहिला मान शहाण्याचा. पहिली फाईल चालली, सावर्ड्याचा ‘तुकडा’ बदलून ‘तुकडे’ झाला. मी मैत्रिणीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसऱ्या फायलीत सगळ्या हंगामांच्या जुन्या नोंदी नव्या मांडणीत बसवायच्या होत्या, ते जरा वेळखाऊ होतं. शहाणा शांतपणे काम करत होता. आणि फट्ट! पंखा थांबला, पडदा काळा झाला.

“लाईट गेली,” सूनबाई म्हणाल्या, जसं काही आम्ही मुंबईहून आलो होतो.

“यूपीएस?”

“आहे की. त्याची बॅटरी गणपतीतच गेली.”

लाईट येईपर्यंत करायचं काय? त्यांनी आम्हाला मागच्या पडवीत नेऊन ओल्या काजूगरांची उसळ आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. त्यांचे सासरे, म्हणजे मालक, येऊन बसले. त्यांनी विचारलं, “तुकडा सापडला काय?” मी म्हटलं, “वाटेत आहे.” मैत्रीण जेवता जेवता तिच्या लॅपटॉपवर साध्याच्या फायली चाळत होती. मध्येच पुटपुटली, काहीतरी दुरुस्त केलं. मी लक्ष दिलं नाही. ती उसळ समोर असताना कशाकडेच लक्ष देणं शक्य नव्हतं.

लाईट आली. मी शहाण्याला पुन्हा चालवलं. पडद्यावर एक ओळ आली, की कुलूप उघडण्याची वाट पाहतो आहे. आम्हीही वाट पाहिली. तो पाहतच राहिला.

“कुणाचं कुलूप?” सूनबाईंनी विचारलं.

मी शोधलं, वाचलं आणि मला खोकल्यासारखं हसू आलं. एका वेळी दोघांनी चालवू नये म्हणून शहाणा काम सुरू करताना स्वतःच कुलूप लावतो. काम झालं की काढतो. मध्येच वीज गेली, तो मेला, कुलूप तसंच राहिलं. आणि आता तोच बाहेर उभा राहून ते कोण काढतंय याची वाट बघत होता!

“म्हणजे स्वतःच्याच दाराबाहेर!” मैत्रीण टेबलावर हात आपटून नाचायला लागली. “शहाणा गो शहाणा!”

कुलूप काढायची आज्ञा असते, ती मी दिली. मग मात्र शहाण्याने मुकाट काम पूर्ण केलं. मी तसं बजावूनही सांगितलं, पण ऐकतंय कोण.

आता साध्याची पाळी. मी म्हटलं, न्याय म्हणजे न्याय. याच्याही वेळी लाईट जायला हवी. सूनबाई ताडकन उठल्या. “मी घालवू? मेन स्विच बाहेरच आहे!” इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला असेल. साध्याची पहिली फाईल पुरी झाली, दुसरी निम्म्यात आली, मी हात वर केला आणि त्यांनी खटका ओढला. शेडमधून बायकांचा ‘अगो बाई!’ असा ओरडा आला. मालक धावत आले. सूनबाईंनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, “टेस्टिंग चालू आहे.” सासरे मान डोलावून गेले.

स्विच परत चालू. कॉम्प्युटर उठला. मैत्रिणीने तिच्या लॅपटॉपवरच्या फायली पुन्हा तिथं घेतल्या, बाह्या सरसावल्या आणि साध्याला हाक दिली. कुलूप वगैरे काही नाही. निम्मा झालेला बदल डेटाबेसने आपणहून पुसून टाकला होता, सगळं स्वच्छ.

आणि साधा म्हणाला, नाही.

लाल अक्षरात, स्पष्ट. पहिली फाईल मी चालवली होती ती ही नव्हे. कुणीतरी बदलली आहे. मी पुढे जाणार नाही.

“कुणी बदलली?” मी विचारलं.

मैत्रीण पडद्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. तिने त्या फायलीत वर मराठीत एक टीप लिहिली होती, आपल्यासाठी, डेटाबेसचा तिच्याशी संबंध नव्हता. त्यात ‘माहीती’ असं दीर्घ लिहिलं गेलं होतं. पडवीत उसळ खाताना तिला ते दिसलं आणि तिने ते लॅपटॉपवर ऱ्हस्व केलं. पहिल्यांदा चालली ती कॉम्प्युटरवरची जुनी फाईल, आता आली होती ती ही दुरुस्त केलेली.

“एक वेलांटी!” ती किंचाळली. “एका वेलांटीवरून अडून बसलाय!”

आता माझी नाचायची पाळी होती आणि मी ती सोडली नाही. सूनबाई तर खुर्चीवरून खाली घसरल्या. चाललेल्या प्रत्येक फायलीचा ठसा साधा जपून ठेवतो आणि दर वेळी ताडून बघतो. शहाणाही ठसे ठेवतो, पण टिपेतला बदल तो मनावर घेत नाही. तिने मुकाट्याने ती चुकीची दीर्घ वेलांटी परत लिहिली. साधा एक अक्षर न बोलता उठला आणि सगळं काम तडीस नेलं.

आम्ही तिघी डोळे पुसत बसलो. हसू ओसरलं तसं मला काहीतरी लख्ख दिसू लागलं. आमचं दुखणं काय होतं? कुणीतरी जाऊन, कुणाला न सांगता, हाताने काहीतरी बदलून येतं. आणि हा साधा, तिने आणलेला, तिचा लाडका, त्याने पहिल्याच दिवशी पकडलं कुणाला? तिलाच! मला मागे फिरायची सोय हवी होती, पण मागे फिरून आम्ही कुठे जाणार होतो? चुकलं तर नवी फाईल लिहून पुढेच जायचं. आम्हाला हवा होता तो हाताला धरून ‘हे कुणी केलं?’ विचारणारा.

“साधा,” मी म्हटलं.

“काय?”

“साधाच घेऊ. तुला धरलं त्याने. उद्या मलाही धरेल.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला लग्नाची मागणी घातली होती. “खरंच? पण ती वेलांटी मला आयुष्यभर दिसत राहणार गो. कधीच दुरुस्त करता येणार नाही!”

“म्हणूनच तर.”

मग खऱ्या डेटाबेसची नीट प्रत बाजूला काढून ठेवली आणि खऱ्यावरच साधा चालवला. सॉफ्टवेअर उघडलं. तुकडा आला, भरघोस आला. मालकांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला, गोण्यांकडे पाहिलं, परत आकडा पाहिला. “म्हणजे बी यंदा नेहमीसारखीच,” ते जरा खट्टू होऊन म्हणाले. पण सूनबाईंनी कोकमाचं सरबत आणलं आणि त्यांनीही आमच्याबरोबर पेला वर केला.

पुढचे काही दिवस आम्ही एकेक कारखाना साध्याच्या हवाली करत गेलो. प्रत्येक ठिकाणी काही ना काही निघायचं. कुठे मी घातलेला रकाना, कुठे तिने, एके ठिकाणी तर दोघींनी एकच रकाना दोनदा. आम्ही आता दचकत नव्हतो, फाईल लिहून पुढे जात होतो. शेवटचा राहिला हातखंब्याजवळचा. तिथं दुपारी पोचलो. मैत्रिणीने लॅपटॉप उघडून इंटरनेटवरून सगळ्या कारखान्यांच्या डेटाबेसना एकापाठोपाठ एक विचारलं, की बाबांनो, कुठवर आलात? पहिला म्हणाला, शेवटच्या फायलीपर्यंत. दुसराही तेच. तिसरा, सावर्डे, तेच. आणि समोरचा हातखंबाही तेच. सगळे अगदी एका रेषेत.

आम्ही दोघी ओरडलो. नुसतं ओरडलो नाही, खुर्च्यांवर चढून ओरडलो. असा आनंद पोटातून वर येतो तेव्हा त्याला आवर नसतो. मला तर वाटत होतं की आता मी छपराला लागणार.

दार धाडकन उघडलं. बी वाळवणारे दोन गडी हातात काठ्या घेऊन आत, मागून सोलणाऱ्या बायका, आणि सर्वांत मागे मालक हातात चप्पल घेऊन.

“कुटं हाय? कुटं हाय जनावर?”

आम्हाला कळेचना. मग लक्षात आलं. खुर्चीवर चढून ओरडणाऱ्या दोन बायका म्हणजे खोलीत साप, दुसरं काय असणार?

“जनावर नाही हो काका,” मैत्रीण वरूनच म्हणाली, धापा टाकत. “सगळीकडचे रकाने सारखे झाले!”

गडी एकमेकांकडे बघू लागले. काठी खाली करून एकाने टेबलाखाली वाकून बघितलं, खात्रीसाठी. मग सोलणाऱ्या बायकांतली एक फिस्सकन हसली, दुसरी हसली, आणि मालक चप्पल पायात घालत म्हणाले, “अगो, मग खाली उतरा की. चहा टाकायला सांगतो.”